सोमवारी बदकं नाहीत

व्हिडिओ गेम शिस्तीत कसा खेळावा हे साऱ्या हिंदुस्थानात फक्त एका व्यक्तीला कळलं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि आपण शिकवतो तो व्हिडिओ गेम आहे, हे त्या व्यक्तीला पहिली दोन वर्षं ठाऊकच नव्हतं. कसबा पेठेत, तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांची टायपिंगची संस्था होती. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, दारावर तशी पितळी पाटीही होती. पण सारी पेठ त्यांना ‘टायपिंगच्या बाई’ म्हणायची आणि मीही तेच म्हणणार आहे. उंची जेमतेम पाच फूट, खळ घातलेली सुती साडी, चष्म्याला काळी दोरी आणि हातात लाकडी पट्टी. ही पट्टी मारण्यासाठी नव्हती. बाई ती विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभी धरत, पाठ आणि पट्टी यांच्यात किती अंतर पडलंय ते बघत आणि ‘आपण वाकला आहात’ एवढंच सांगत. दहा वर्षांच्या पोरालाही त्या वर्गात ‘आपण’ म्हणत. वर्ग सुटला की जिन्यावर त्याच पोराला ‘काय रे, आई बरी आहे का’ असं विचारत. यंत्रासमोर बसलेला माणूस, मग तो केवढाही असो, कामावर असतो आणि कामावरच्या माणसाला अरेतुरे करायचं नाही, हा त्यांचा नियम. मी ज्या घरात वाढले तिथून श्रमाच्या प्रतिष्ठेवर वर्षाला तीन-चार पत्रकं तरी निघायची, पण ती प्रतिष्ठा इतक्या सोप्या रीतीने पाळलेली मी फक्त बाईंकडे पाहिली.

पत्रकांचं सांगायला हवं, कारण मी बाईंकडे गेले ती त्यांच्यामुळे. माझे आई-वडील दोघंही चळवळीतले. आमच्या घरी टीव्ही नव्हता, बाटलीतलं शीतपेय नव्हतं, वाढदिवसाला केक नव्हता; होती ती पत्रकं. ‘धिक्कार’ हा शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता येत होता. ही पत्रकं स्टेन्सिलवर टाइप व्हायची ती बाईंकडे, जरी बाईंचा आमच्या राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता. त्या कुणाचंही टाइप करत. गणेश मंडळाचं आवाहन, घटस्फोटाची नोटीस, आम्ही केलेला सरकारचा निषेध आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या गटाने केलेला आमचा निषेध, सगळं एकाच गतीने आणि एकाच चेहऱ्याने. स्टेन्सिलवर चूक झाली तर तिच्यावर लावायला एक लाल द्रव मिळतो. बाईंच्या टेबलावरची त्याची बाटली न वापरता वाळून खडखडीत झाली होती, आणि नव्या विद्यार्थ्याला त्या ती कानाजवळ हलवून दाखवत. त्यांच्या स्वभावातला अहंकार तेवढा एका बाटलीत मावत होता.

देशाची दारं बाहेरच्या मालाला उघडली, आणि बघता बघता पेठांमधून संगणकाचे वर्ग निघाले. आमच्या घरी या उघडलेल्या दारांविरुद्ध पत्रकांचा पाऊस पडला; बाईंकडे मात्र विद्यार्थ्यांचा दुष्काळ. टायपिंग शिकून काय करायचं, असं लोक तोंडावर विचारू लागले. अशात एक दिवस भर उन्हात टाय लावलेला एक विक्रेता जिना चढून आला. त्याच्या खोक्यात कळफलक असलेलं एक पांढरट यंत्र होतं, ते टीव्हीला जोडायचं. त्याने त्यात एक कॅसेट खोचली, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, बाईंनी न बघता ती टाइप केली आणि यंत्राने किती बरोबर, किती चूक ते सांगितलं. स्वतः चुका मोजणारं यंत्र बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या तिथेच जिंकल्या गेल्या. मग विक्रेत्याने दुसरी कॅसेट खोचली. पडद्यावर बदकं उडाली, विटा पडल्या, एक बुटका माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत सुटला. हे काय, असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, बोटांचा व्यायाम, मॅडम, परदेशात याच्यापासूनच सुरुवात करतात. आज कुणालाही हसू येईल. पण बाई स्वतः नव्या विद्यार्थ्याकडून पहिले पंधरा दिवस निरर्थक अक्षरांच्या ओळीच्या ओळी टाइप करून घेत. बोटांना वळण लावायला अर्थ लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला पटलेलं असणार? त्यांनी तशी चार यंत्रं घेतली, चार जुने छोटे टीव्ही मिळवले, आणि रंगाऱ्याला बोलावून संस्थेच्या रंगवलेल्या पाटीवर ‘व संगणक’ एवढे शब्द वाढवून घेतले.

पहिल्याच दिवशी एक पोरगा वर्गात शिरला, त्याने पडद्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. संध्याकाळपर्यंत पेठेतल्या यच्चयावत पोरांना बातमी कळली होती आणि कुणीही सभा न घेता त्यांच्यात एक ठराव पास झाला होता: मोठ्यांना सांगायचं नाही. व्हिडिओ गेमच्या दुकानात दिसलास तर तंगडं मोडीन म्हणणारे बाप आता स्वतः पोराचं बखोट धरून त्याला बाईंकडे आणून सोडत आणि ‘चांगला दोन तास बसवा’ अशी विनंती करत. दोन वर्षं, शे-दीडशे पोरं, आणि एकही फितूर नाही. आमच्या चळवळीला एका गल्लीपुरतीही अशी एकजूट कधी साधली नाही, हे मी आमच्याच लोकांना अनेकदा ऐकवलं आहे आणि त्यांना ते आवडलेलं नाही.

त्या वर्गात काय आहे हे न समजणारे, बाई सोडून, दोनच जण होते. एक मी. अकरावीच्या सुट्टीत मी तिथे महिनाभर ‘संगणक’ शिकले. घरी टीव्हीच नाही, तर व्हिडिओ गेम कशाशी खातात हे मला कुठून कळणार? दुसरा वर्ध्याकडून आलेला एक तरुण. भोसरीच्या कारखान्यात पाळीवर काम करायचा, चार जणांत एक खोली, आणि संगणक आला की हापिसात काम मिळतं असं गावाकडच्या कुणी तरी सांगितलं म्हणून दोन बस बदलून कसब्यात यायचा. लेथवर बसावं तसा तो बदकांसमोर बसायचा: भुवया जुळलेल्या, श्वास रोखलेला, बदकं टिपायची प्लॅस्टिकची बंदूक तिला तेल लागलंय की काय अशा बेताने धरलेली.

आता बाई हे खेळ कसे शिकवत ते सांगते, कारण माझ्या मते ती एक स्वतंत्र विद्या होती आणि ती त्यांच्याबरोबर संपणार आहे. जगात सगळीकडे कॅसेट चालेनाशी झाली की पोरं तिच्यात फुंकर मारतात. बाईंकडे फुंकर मारणं हा गुन्हा होता. फुंकरीतून ओल जाते आणि धातू गंजतो, असं त्या सांगत आणि टाइपरायटरची अक्षरं साफ करायच्या ब्रशाने, स्पिरिटमध्ये बुडवून, कॅसेटचे दात घासत. प्रत्येक कॅसेटला त्यांनी खणाच्या तुकड्यांचं झाकण शिवलं होतं, आणि ते नाडीने बांधायचं. खेळताना हाताकडे बघायला बंदी, म्हणून हातांवर पांढरा नॅपकिन. पडद्यातला बुटका माणूस खड्ड्यावरून उडी मारताना पोरं खुर्चीवर अंग उचलत, डावी-उजवीकडे झुकत. त्यावर बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘उडी त्यांनी मारायची आहे, आपण नाही.’ पडद्यातल्या माणसालाही त्या ‘त्यांनी’ म्हणत, हे लक्षात घ्या. तोही कामावरच होता.

गुणांकनाची त्यांची पद्धत तर कुठल्याही खेळाडूला वेड लावेल. पडद्यावर आलेले हजार-लाख त्या बघतच नसत. स्कोअर ही यंत्राने केलेली खुशामत आहे, असं त्यांचं मत. त्या वहीत फक्त चुका लिहीत. विटा रचण्याच्या खेळात एखाद्या पोराने तासभर डाव टिकवला, तरी मध्ये पडलेली भोकं मोजून त्या सांगत, ‘तेवीस. मागच्या वेळी एकोणीस होत्या. घरी काही झालंय का?’ आणि गंमत अशी की बहुतेक वेळा घरी काही तरी झालेलं असायचं. कॅसेटवर पाच-सहा आकडी संख्या लिहिलेली असायची, म्हणे तेवढे खेळ आत आहेत. पोरं ते वाचून खूश. बाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी बसून एकेक खेळ उघडून पाहिला. चोपन्नाव्या खेळानंतर पहिलाच पुन्हा येतो, फक्त रंग बदलून, असा शोध लागल्यावर त्यांनी कॅसेटवरचा आकडा ब्लेडने खरवडला आणि त्या जागी ‘५४’ असं टाइप केलेलं चिठोरं चिकटवलं. माझ्या वडिलांनी परकीय भांडवलाच्या खोटेपणावर बरंच लिहिलं, पण ते खरवडून दुरुस्त केलं ते बाईंनी.

बदकांच्या खेळावर त्यांचे स्वतंत्र निर्बंध होते. सोमवारी बदकं नाहीत. चतुर्थी आणि एकादशीलाही नाहीत. भिंतीवर वेळापत्रक होतं आणि त्यात त्या त्या रकान्यात फुली. वर्ध्याचा तो तरुण सप्ताहभर पाळी करून नेमका सोमवारी यायचा. एकदा त्याने अदबीने हरकत घेतली की बाई, ते मरत थोडीच हायेत, काचेतच तर हायेत. बाई म्हणाल्या, ‘ती मरोत न मरोत. मारायला तर आपण निघालात ना?’ तो बंदूक ठेवून विटा रचायला बसला. नंतर जिन्यात मला म्हणाला, ‘बाईचं म्हननं बरोबर हाये पा.’

त्या स्वतः खेळत ते सकाळी, वर्ग उघडण्याआधी अर्धा तास. समोरच्या कारागिरांचे तांब्यावरचे ठोके सुरू झालेले असत आणि बाईंच्या विटा त्या ठोक्यांच्या तालावर खाली उतरत. वीट वरून निघाली की तिची जागा त्यांना आधीच माहीत असे. घाई नाही, धडपड नाही, शेवटच्या क्षणी वळवणं नाही. मी एकदा विचारलं होतं की या खेळाला शेवट काय. त्या म्हणाल्या, ‘शेवट नाही. गती वाढत जाते आणि एक दिवस आपण कमी पडतो. तोवर नीट रचायचं.’ मला ते अतिशय निराशावादी वाटलं होतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला सगळ्याच गोष्टींचा अंतिम विजय हवा होता.

मग मी कॉलेजात गेले. तिथे संगणकाची प्रयोगशाळा होती. पहिल्या तासाला सरांनी विचारलं, याआधी कुणी संगणक वापरलाय का? मी मोठ्या अभिमानाने हात वर केला. सरांनी मला पुढे बोलावलं, यंत्रासमोर बसवलं. मी पाठ ताठ केली, यंत्राच्या चारी बाजू न्याहाळल्या आणि विचारलं, ‘सर, कॅसेट कुठे घालायची?’ आधी कुणाला कळेना. मग मागच्या बाकावरचा कुणी तरी म्हणाला, ‘बदकवाली का गं?’ आणि सगळा वर्ग कोसळला.

माझी कानशिलं तापली ती आठवडाभर थंड झाली नाहीत. योगायोगाने आमच्या गटात तेव्हा एक पत्रक काढायचं ठरत होतं: बाहेरगावाहून नोकरीच्या आशेने पुण्यात येणाऱ्या पोरांना संगणकाच्या नावाखाली लुबाडणाऱ्या वर्गांविरुद्ध. ते मी लिहायला मागितलं. माझं पहिलं पत्रक. तीन परिच्छेदांत मी सगळ्या व्यवस्थेची सालटी काढली आणि चौथ्यात लिहिलं: ‘कसबा पेठेतील एक टायपिंग संस्था तर लहान मुलांची खेळणी संगणक म्हणून दाखवून विद्यार्थ्यांना राजरोस फसवत आहे.’ तत्त्वाला नातीगोती नसतात, हे आमच्या घरचं वाक्य. आणि ते पत्रक टाइप करून घ्यायला मी बाईंकडेच गेले. आरोप आरोपीच्या तोंडावर करावा, असं एकोणिसाव्या वर्षी मला फार उदात्त वाटत होतं.

वर्ग रिकामा होता. बाईंनी स्टेन्सिल चढवलं, माझा कागद शेजारी लावला आणि टाइप करायला घेतलं. मी खिडकीत उभी राहून कान देत होते. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा सुरू झाला. गती कमी झाली नाही, वाढली नाही. पूर्णविराम पडला. बाईंनी स्टेन्सिल काढून उजेडात धरलं, वाचलं आणि मला म्हणाल्या, ‘बसा आपण.’

वर्ग चालू नसताना त्यांनी मला कधीच ‘आपण’ म्हटलं नव्हतं.

‘पत्ता अर्धा आहे,’ बाई म्हणाल्या. ‘कसबा पेठेत टायपिंगच्या तीन संस्था आहेत. उरलेल्या दोन्हींवर विनाकारण संशय जाईल. नाव घाला.’

मी म्हटलं की बाई, तो परिच्छेदच काढून टाकू या.

‘परिच्छेद राहील. पण “राजरोस फसवत आहे” हे बसत नाही. फसवायला आधी माहीत असावं लागतं. “संस्था स्वतः फसली आणि तिने विद्यार्थ्यांना फसवले” असं हवं. क्रम तसा आहे.’ मग त्यांनी कापडी झाकणं घातलेल्या त्या चार यंत्रांकडे पाहिलं. ‘हे संगणक नाहीत, हे नक्की?’

नक्की, असं मी सांगितलं. पोरांना ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. सगळ्यांना का, असं विचारलं. मी म्हटलं, मला नव्हतं, आणि त्या वर्ध्याच्या मुलाला नसावं.

तेव्हा बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं होतं की त्या संस्थेचं नाव जाईल, पाटी जाईल, पेठ हसेल म्हणून दुखावल्या असतील. त्यांच्या मनात ते नव्हतंच. ‘त्यांची पुढच्या बुधवारी एका कचेरीत मुलाखत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘संगणक चालवणाऱ्याच्या जागेसाठी. अर्जात त्यांनी लिहिलंय, संगणकाचं एक वर्षाचं शिक्षण, आणि आपल्या संस्थेचं नाव. तो अर्ज मी टाइप केला. आजवर या यंत्रातून खोटा कागद बाहेर पडलेला नव्हता.’

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, बाईंनी झाडून सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावलं. दुरुस्त करून चक्रमुद्रित केलेल्या पत्रकाची पहिली प्रत त्यांनी स्वतःच्या दाराला चिकटवली आणि दुसरी वर्गात उभं राहून मोठ्याने वाचली, संस्थेच्या पूर्ण नावपत्त्यासह, जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी संस्था होती. पोरं फरशी मोजत होती. ज्यांना फी परत हवी त्यांनी न्यावी, असं त्या म्हणाल्या. कुणी हललं नाही. मग मागून तो वर्ध्याचा तरुण उठला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त गोंधळला होता.

‘मंग मी वर्षभर काय शिकलो जी, बाई?’

परीक्षेतल्या प्रश्नासारखा बाईंनी तो प्रश्न मनात पुन्हा वाचला असावा. ‘पाठ ताठ ठेवायला,’ त्या म्हणाल्या. ‘न बघता बोटं चालवायला. चूक झाली की ती लपवण्याऐवजी मोजायला. संगणक नाही शिकलात. तो दोष माझा आहे.’

‘मुलाखत तं बुधवारी हाये.’

‘आज गुरुवार आहे,’ बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. ‘आपल्या कॉलेजात ती खरी यंत्रं आहेत ना?’

ज्यांच्या तासाला माझं हसं झालं होतं त्याच सरांसमोर मला हात जोडावे लागले. पत्रकात विनवणीचा मजकूर नसतो, त्यामुळे मला ती नीट जमली नाही. पण सर चांगले होते. वर्ग सुटल्यावर रोज दोन तास, आणि रविवारीसुद्धा, त्यांनी प्रयोगशाळा उघडी ठेवली. तिथे मी जे दृश्य पाहिलं ते कुठल्याही सभेत पाहिलेलं नाही. पंचावन्न वर्षांच्या बाई आणि तेवीस वर्षांचा तो, एका यंत्रासमोर दोन खुर्च्या टाकून, पाठी ताठ. माउस हातात आल्यावर बाईंनी तो आधी उलटा करून खालून पाहिला, त्यातली गोळी काढली, पदराने पुसली आणि परत बसवली. मग बाण पडद्यावर नेमक्या जागी न्यायला दोघंही इतक्या चटकन शिकले की सर चकित झाले. बदकं मारण्यात वर्ष गेलं होतं, पण नेम वाया गेला नव्हता. बाई रोज घरी जाऊन दिवसभराचं शिकलेलं टाइप करत आणि दुसऱ्या दिवशी कागद त्याच्या हातात देत. स्वतः विद्यार्थिनी असताना त्यांनी त्याला शिकवायचं सोडलं नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याचा नवा अर्ज टाइप केला: संगणकाचं शिक्षण, सहा दिवस. त्याने तोच नेला. ती नोकरी त्याला मिळाली नाही, हे सांगायला हवं. पत्रकातल्यासारखा विजय प्रत्यक्षात क्वचित मिळतो. पण पुढे काही महिन्यांनी एका कंपनीत माहिती भरणाऱ्यांची परीक्षा होती. कागदाकडे बघत, कळांकडे न बघता, कमीत कमी चुका करत रकाने भरायचे. तिथे तो पहिला आला आणि अजून तिथेच आहे, दोन पायऱ्या वर.

बाईंनी रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. ‘व संगणक’ पुसून त्यांनी खाली नवी ओळ घातली: ‘येथे व्हिडिओ गेम शिकवले जातात.’ त्या यंत्रांचं करायचं काय, टाकून द्या की, असं मी म्हटल्यावर त्यांनी मला झाडलं. यंत्र कुठे खोटं होतं, नाव खोटं होतं. ते बदललं, संपलं. आई-बापांनी अर्थातच पोरांना काढून नेलं. जी राहिली त्यांतल्याही निम्म्यांचा, आता हे अधिकृत आहे कळल्यावर, रस गेला. उरलेल्या सात-आठ जणांवर बाईंनी पहिल्याइतकीच मेहनत घेतली. पुढे खरे संगणक आले, बाईंनी तेही शिकवले, पण सकाळचा अर्धा तास विटांचाच राहिला.

आता संस्था बंद झाली आहे. बाई कात्रजला धाकट्या बहिणीजवळ राहतात, एका यंत्रासह आणि एका जाड्या जुन्या टीव्हीसह. रविवारी सकाळी तिथे चपलांचा ढीग असतो. कसब्यातली ती फितूर न झालेली पोरं आता हिंजवडीला नोकऱ्या करतात, गळ्यात ओळखपत्रं, त्यांच्या घरी रक्त खरं वाटेल असे खेळ आहेत. आणि ती कात्रजला येऊन खणाची नाडी सोडतात आणि विटा रचतात. मी यावर पुष्कळ विचार केला आहे, कारण आनंदाच्या वस्तूंवर संशय घेणं हे माझं वंशपरंपरागत काम. मला एवढंच कळलं की ते खेळ तुम्हाला काही विकत नाहीत. पुढची तलवार घ्या म्हणत नाहीत, मित्राला बोलावून आणा म्हणत नाहीत. दोन बटणं, एक नियम, आणि हरलात तर चूक तुमची. इतका सरळ व्यवहार आता दुसरीकडे कुठे उरला आहे? बाईंच्या हाताखाली शिकलेली पोरं तो शोधत येतात आणि आल्याबरोबर पाठ ताठ करून बसतात.

मीही जाते. त्या पत्रकाबद्दल मी बाईंची माफी कधी मागितली नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, त्यांनीच तो खरा करून दिला होता, मग माफी कशाची? तरी काही तरी राहून गेलंय असं वाटतं आणि मग मी आठवड्याला दोन बस बदलून कात्रजला जाते.

गेल्या रविवारी पोरं निघून गेल्यावर बाई म्हणाल्या, रणगाड्यांचा लाव, तो दोघींचा आहे. त्या खेळात तळाशी विटांच्या कुंपणात एक ठाणं असतं. शत्रूचे रणगाडे वरून येतात, आणि दोन खेळाडूंनी मिळून ते ठाणं राखायचं, डावी बाजू एकीची, उजवी दुसरीची. उजवी बाईंनी घेतली. त्यांचा अंगठा आता थरथरतो. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. दोन फेऱ्या निघाल्या. तिसऱ्या फेरीत उजवीकडून दोन रणगाडे खाली सरकले आणि बाईंचा रणगाडा भिंतीवरच अडखळत राहिला. मी माझा रणगाडा हळूच त्यांच्या बाजूला नेला आणि एक गाडी उडवली.

‘तुझी बाजू कोण बघतंय?’ बाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

‘बाई, नुसतं एकदा...’

‘जा तू तिकडे. इकडचं माझं आहे.’

मी परत डावीकडे गेले. जाताना मला ती दुसरी गाडी दिसत होती, बाईंनाही दिसत असावी. त्यांनी नेम धरला, अंगठा दाबला, गोळी शेजारच्या विटेवर बसली. कुंपण फुटलं. त्या गाडीने ठाणं पाडलं. आपलं काम संपल्यावर ते यंत्र एक छोटीशी केविलवाणी धून वाजवतं, ती वाजली.

बाईंनी हात मांडीवर ठेवले. खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या बसचा आवाज येत होता. मी पडदा बंद करायला उठले, तर त्यांनी माझी बाही धरून मला खाली बसवलं आणि पाठ सरळ केली.

‘पुन्हा लाव,’ बाई म्हणाल्या.